अर्धा खुबा बदलल्यावर बसवलेला बॉल जागचा हलतो का?

वयस्कर माणूस घरात घसरून पडतं, खुब्याचं हाड मोडतं आणि डॉक्टर 'बॉल बदलावा लागेल' म्हणतात. अर्धा खुबा बदल म्हणजे हेमिआर्थ्रोप्लास्टी ती हीच. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून तिथे धातूचा बॉल बसवतात. बॉलचा दांडा हाडाच्या पोकळीत जातो. कमरेच्या हाडातली वाटी मात्र मूळचीच राहते.

हा सांधा तीन प्रकारे सरकू शकतो.

दांडा खाली बसणे : सिमेंट न वापरता बसवलेला दांडा वजन पडू लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत किंचित खाली बसतो. पुढे हाड त्याला धरतं आणि तो थांबतो. एवढ्याने घाबरायचं कारण नाही. पण तो सरकतच राहिला तर सैल झाल्याची शंका येते. मग बसून उठताना, पहिली पावलं टाकताना मांडीत कळ येते, पाय आखूड वाटतो.

वाटी झिजणे : धातूचा बॉल वाटीतल्या कूर्चेवर घासतो. वर्षानुवर्षांच्या घासण्याने बॉल आत आणि वर सरकतो. त्रास बहुधा जांघेत जाणवतो. जास्त चालत्याफिरत्या रुग्णांत हा धोका अधिक.

बॉल निखळणे : हे बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत होतं. म्हणूनच मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, असं सांगतात. अचानक तीव्र वेदना झाली, पायावर भार देता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सरकणं मोजायचं कसं? स्वीडनमध्ये गोरान सेल्विक यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत हाडात टँटलम धातूचे सुमारे १ मिलिमीटरचे मणी घालून दोन कोनांतून एक्स-रे काढतात. मिलिमीटरच्या अंशाइतकी हालचालही त्यात कळते. पण ही पद्धत मुख्यतः संशोधनासाठी. साध्या एक्स-रेत काही मिलिमीटरचा फरक पडल्यावरच खात्रीने सांगता येतं, आणि तेही जुना फोटो शेजारी ठेवला तरच.

सीमाभागात नेमकी इथेच अडचण होते. ऑपरेशन मिरजेला, आई राहते बेळगावात, नंतर मुलाकडे गोव्याला. फाइल मात्र कुठल्या तरी कपाटात. ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि सांध्याचा स्टिकर एकत्र ठेवा, मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. आणि 'वय झालं, दुखणारच' म्हणून नवं दुखणं अंगावर काढू नका.