पिसाने झटकलेले हिमकण

हिमकण म्हटला की सहा पाकळ्यांची, कातरकाम केल्यासारखी रेखीव चांदणी डोळ्यांसमोर येते. ज्यांनी जन्मात बर्फ पडताना पाहिलेला नाही, त्यांच्याही मनात हेच चित्र पक्के बसलेले असते. हे चित्र रुजवण्यात अमेरिकेच्या व्हरमॉंट राज्यातील जेरिको गावच्या एका शेतकऱ्याचा, विल्सन बेंटलीचा वाटा फार मोठा आहे. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्याने 15 जानेवारी 1885 रोजी हिमस्फटिकाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पुढे सेहेचाळीस वर्षे, दर हिवाळ्यात, तो हेच काम करत राहिला आणि त्याने पाच हजारांहून अधिक छायाचित्रे काढली. निसर्गात एकच आकृती पुन्हा पुन्हा कशी उमटते, याचा कॅमेऱ्याने दिलेला हा मोठा पुरावा मानला जातो. पण पुरावा म्हणून तो स्वीकारण्याआधी चित्रे कशी निवडली गेली, हे विचारले पाहिजे. माझे म्हणणे असे की, निसर्गातील आकृतिबंधांच्या छायाचित्रणाच्या इतिहासात निवडलेल्या चित्रांइतकेच वगळलेल्या चित्रांनाही मोल आहे, आणि निसर्गाचे कामकाज समजून घ्यायचे असेल तर वगळलेली चित्रे अधिक बोलतात.

बेंटलीची कामाची रीत जवळून पाहिली की हे स्पष्ट होते. बिगरतापवलेल्या, बाहेरइतक्याच थंड खोलीत तो काम करी. पडणारे हिम तो काळ्या फळीवर झेलायचा आणि त्यावर नजर फिरवायचा. फळीवर मनाजोगता कण नसेल तर पिसाने ती साफ झटकायची आणि पुन्हा पडत्या हिमाखाली धरायची. एखादा कण पसंत पडला की बारीक काडीच्या टोकाने तो अलगद उचलून काचपट्टीवर ठेवायचा, पिसानेच हलके दाबून बसवायचा आणि श्वासाच्या उबेने तो विरू नये म्हणून श्वास रोखून धरायचा. प्रकाश मागून येत असल्याने छापात कण आणि पार्श्वभूमी दोन्ही उजळ येत आणि कण उठून दिसत नसे. म्हणून तो निगेटिव्हची दुसरी प्रत करी आणि कणाच्या कडेकडेने चाकूने त्यावरचा रासायनिक थर खरवडून काढी. खरवडलेली काच पारदर्शक झाली की छापात तेवढा भाग काळाभोर येई आणि त्यावर पांढरी चांदणी झळके. म्हणजे या चित्रांत दोनदा निवड झालेली आहे: आधी फळीवर पिसाने आणि मग काचेवर चाकूने.

याच काळात युरोपात नेमके उलटे घडत होते. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन 1870च्या दशकापासून द्रवाचा थेंब आपटल्यावर होणाऱ्या आकृतींचा अभ्यास करत होता. अंधाऱ्या खोलीत ठिणगीचा क्षणिक लखलखाट करायचा आणि डोळ्यांत उरलेली प्रतिमा कागदावर रेखाटायची, ही त्याची पद्धत. त्याच्या रेखाटनांतले थेंब चारही बाजूंनी सारखे फुटलेले दिसतात. 1890च्या दशकात त्याने तेच थेंब छायाचित्रात पकडले, तेव्हा बहुतेक आकृती वेड्यावाकड्या निघाल्या. जुन्या नोंदी चाळल्यावर त्याला आढळले की अशा आकृती त्याच्या डोळ्यांना पूर्वीही दिसल्या होत्या, पण अपघाती समजून त्याने त्या बाजूला सारल्या होत्या. हे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले. बर्लिनचा हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव्ह हेलमन यालाही 1893 मध्ये हाच अनुभव आला. रिचर्ड नॉयहाउसने त्याच्यासाठी काढलेल्या हिमस्फटिकांच्या छायाचित्रांत निर्दोष सममिती क्वचितच होती. त्यामुळे पुढे बेंटलीची चित्रे पाहिल्यावर हेलमनने आक्षेप घेतला की, खरवडण्याने स्फटिकांच्या कडाच बदलल्या आहेत.

मग बेंटलीला अप्रामाणिक ठरवायचे का? तसे केले तर त्याच्यावर अन्याय होईल. खरवडण्याचे काम त्याने लपवले नव्हते. अस्पष्ट कडा स्पष्ट करणारी दुरुस्ती चित्राला खऱ्याच्या अधिक जवळ नेते, असे त्याचे प्रामाणिक मत होते. शिवाय तो हवामानाच्या नोंदी नेमाने ठेवत होता आणि स्फटिकाच्या आकारावरून ढगातली परिस्थिती वाचता येईल, असे मानत होता. दुसरा बचाव त्याहून भक्कम आहे. षट्कोन ही काही बेंटलीच्या मनातली कल्पना नव्हे. हिम नेहमी सहा टोकांचेच का, हा प्रश्न केप्लरने 1611 मध्येच एका छोट्या पुस्तिकेत विचारला होता. बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी जाळीत रचले जातात, म्हणून सहा ही संख्या खरीच आहे. मग नियम दाखवायला नियमाचे उत्तम उदाहरण निवडले तर बिघडले कुठे? हा युक्तिवाद मला अर्धा मान्य आहे. सुबक कण सर्व कणांमध्ये समान काय, हे सांगतो. पण एक भुजा आखूड का, दुसरीवर थिजलेल्या थेंबांचे दाणे का, तिसरी मोडलेली का, याची उत्तरे तो कण कोणत्या ढगातून, कोणत्या वाटेने खाली आला यात असतात. ती वाट फळीवरून झटकलेल्या कणांवरच लिहिलेली होती.

ती वाचण्याचे काम जपानमध्ये झाले. होक्काइदो विद्यापीठातील उकिचिरो नाकाया याने 1930च्या दशकात तोकाची पर्वतावर आणि साप्पोरोत सुमारे तीन हजार छायाचित्रे काढली. त्याला प्रेरणा बेंटलीच्या पुस्तकाची होती, पण नियम वेगळा होता: जे पडेल ते टिपायचे. त्यामुळे सुया, नळ्या, टोपी घातल्यासारखे स्तंभ आणि धड कोणताच आकार नसलेले गोळे हेही त्याच्या वर्गीकरणात आले, आणि रेखीव चांदण्या अपवादात्मक असल्याचे दिसले. विविधता समोर आल्यावरच ती कशाने येते, हा प्रश्न उभा राहिला. 1936 मध्ये नाकायाने प्रयोगशाळेत सशाच्या केसाच्या टोकावर हिमस्फटिक वाढवला आणि पुढे तापमान व बाष्पाचे प्रमाण यांवरून आकार ठरतो हे आकृतीतून मांडले. पुरेसे बाष्प असले तर उणे 15 अंश सेल्सियसच्या आसपास फांद्यांची चांदणी होते, तर उणे 5च्या आसपास सुया होतात. फक्त चांदण्यांचा संग्रह असता तर ही तुलनाच शक्य नव्हती.

यावर कोणी म्हणेल, निवडीशिवाय छायाचित्रण होतच नाही. सगळेच टिपायचे तर आयुष्य पुरायचे नाही. खरे आहे. म्हणून निवड करू नये असे माझे म्हणणे नाही, निवडीचा हेतू उघड असावा एवढेच आहे. बेंटलीच्याच वयाचा, 1865 साली जन्मलेला कार्ल ब्लॉसफेल्ट बर्लिनमध्ये कलाविद्यार्थ्यांना शिकवी. नेच्याचे गुंडाळलेले कोंब, बिया आणि देठ तो नीट मांडून, नको ती पाने छाटून, मोठे करून टिपत असे. 1928 मध्ये त्याची 120 चित्रे पुस्तकरूपाने आली आणि गाजली. लोखंडी जाळीकाम आणि कोरीव खांब यांचे मूळ वनस्पतींच्या घडणीत कसे सापडते, हे विद्यार्थ्यांना दाखवणे हा त्याचा हेतू होता आणि छाटणी त्या हेतूला साजेशी होती. गोंधळ तेव्हा होतो, जेव्हा शिकवण्यासाठी वा सौंदर्यासाठी निवडलेला नमुना निसर्गाची सरासरी म्हणून स्वीकारला जातो.

बेंटलीचे दोन हजारांहून अधिक चित्रांचे पुस्तक 1931 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो वारला. त्या चित्रांचे देखणेपण नसते तर नाकाया बहुधा हिमाकडे वळलाच नसता, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. सुबक कणांनी माणसाला थांबून पाहायला लावले. पण आज पानावरच्या शिरा, मधमाश्यांच्या पोळ्याची घरे किंवा शंखाची वळणे टिपणाऱ्याने त्या शेतकऱ्याची चिकाटी घ्यावी आणि त्याच्या हातातले पीस मात्र जपून वापरावे. पोळ्यातले जे घर षट्कोनातून चुकले आहे, त्याचेही एक छायाचित्र संग्रहात ठेवावे. सहाच्या नियमाला काय काय सोसावे लागते, हे त्यातूनच कळते.