पाठुंगळीचं पोर

आमच्या पिढीत बापानं वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं पोर उचलायची रीत नव्हती. भावाचं पोर खुशाल कडेवर घ्या, स्वतःचं रडत असलं तरी हात लावायचा नाही, लोक हसायचे. माझी थोरली एकदा तापानं फणफणली होती. अण्णा ओसरीवर बसलेले, म्हणून मी गोठ्यात उगाच वैरण चाळत उभा राहिलो. आज ती दोन लेकरांची आई आहे, पण तिचं ते कण्हणं अजून ऐकू येतं.

पुढं एकदा मार्केट यार्डात माल उतरवून गंज पेठेतल्या फुले वाड्यात गेलो. फुल्यांच्या शाळेचं आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. माझ्या डोक्यात मात्र 1863 सालची गोष्ट राहिली. पुण्यात एका ब्राह्मण विधवेनं अब्रूच्या भीतीनं आपलं तान्हं मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तेव्हा जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गुपचूप या, बाळंत व्हा, पोर ठेवा नाहीतर घेऊन जा.

1884 सालापर्यंत 35 बाया आल्या. सरकारला लिहिलेल्या टिपणात जोतीरावांनीच हा आकडा दिलाय. त्यात पाचच मुलं जगली. बाकीची, पोट पाडायला घेतलेल्या जहरी औषधांनी गेली. म्हणजे ज्या बाईला स्वतःचं मूल नव्हतं तिच्या घरात तीस वेळा पोर गेलं. आमच्या गोठ्यात एक वासरू गेलं तर मंडळी दोन दिवस नीट जेवत नाही.

जोतीराव स्वतः आईविना वाढलेले. वर्षाचे होते-नव्हते तोवर आई गेली, सगुणाबाई क्षीरसागर या मावसबहिणीनं सांभाळलं. ती माया त्यांनी पुढं दिली असं मला वाटतं. त्या घरात आलेल्या काशीबाईचा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, डॉक्टर केला. 1877 च्या दुष्काळात धनकवडीला बालाश्रम काढून उपाशी पोरांना जेवू घातलं.

दुष्काळातलं पोर काय असतं ते मला ठाऊक आहे. बाहत्तरला आई खडी फोडायची आणि आम्ही लिंबाखाली. सुकडी मिळायची, पोट भरायचं. पण लक्षात राहिली ती आम्हाला राखणारी म्हातारी. तिला नीट दिसायचं नाही. आम्ही मातीचे बैल करायचो, ती बोटांनी चाचपून सांगायची, "ह्याचं वशिंड बसलंय, पुन्हा कर." मग त्या बैलावर तिथल्या तिथं गाणं रचायची, त्यात आमचं नाव घालून. तेवढ्या नावासाठी दिवसभर कुणी रडायचं नाही.

1897 साली पुण्यात प्लेग आला. यशवंतनं हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना काढला. सावित्रीबाई 66 वर्षांच्या. मुंढव्यातलं एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन तिथवर आणलं. पोर वाचलं. बाई 10 मार्चला गेल्या.

परवा सोलापूर रस्त्यानं येताना टेम्पो हडपसरच्या गर्दीत अडकला. मुंढवा केवढं लांब असेल याचा मनाशी अंदाज घेत बसलो. घरी पोचलो तर थोरली माहेराला आलेली. तिचा धाकटा पळत येऊन पाठुंगळीला चढला. अंगणात फेरी मारली. ती उंबऱ्यात उभी राहून बघत होती. गुडघे दुखत होते, तरी आणखी एक मारली.