खोली खाली करण्याची मुदत

भाड्याच्या खोलींत ज्यानें संसार मांडला आहे, त्याच्या मनांत एक प्रश्न कायमचें घर करून असतो. मालकानें उद्यां सकाळीं 'खोली खाली करा' म्हणून सांगितलें, तर आपणांस किती दिवस मिळतील? मुलांची शाळा, पावसाळ्याचे दिवस, घरांतील आजारी माणूस, आगगाडीचा पास, या सर्वांचा हिशेब त्या एका आंकड्यापाशीं येऊन ठेपतो. लढायांचे नि तहांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. या आंकड्याचा इतिहास मात्र बहुतेक कोर्टांच्या दप्तरांतच पडून राहिला. ठाणें, कल्याण व डोंबिवली या गांवांच्या अनुरोधानें तो आज सांगावयाचा आहे, कारण मुंबईस नोकरी आणि इकडे बिऱ्हाड अशी आयुष्याची वांटणी करणारा वर्ग याच लोहमार्गाच्या कडेनें वाढला.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोंचली. पुढच्याच वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, ती कल्याणपर्यंत गेली. डोंबिवलीस स्टेशन होण्यास मात्र १८८७ साल उजाडावें लागलें. ठाण्यांत मासुंदा तळ्याच्या आसपास किंवा कल्याणास पारनाक्याच्या बाजूस वाड्यांतून बिऱ्हाडें ठेवण्याची चाल होती, तेथें मालक व बिऱ्हाडकरू एकाच विहिरीचें पाणी भरीत. भांडण झालें तरी तें आळींतल्या चार वडीलधाऱ्यांपुढें मिटे. आगगाडीनें जो भाडेकरू आणला तो निराळा होता. तो सकाळीं निघून रात्रीं परत येई, त्याचें गांव कोठेंतरी कोंकणांत वा देशावर असे, आणि आळींतल्या वडीलधाऱ्यांना तो ओळखीतहि नसे. अशा दोघां परक्यांमधला व्यवहार तोंडच्या शब्दावर चालणें कठीण. तेथें कायदा यावयाचाच.

तो आला १८८२ सालीं. मिळकतींच्या हस्तांतरणाविषयींचा हा कायदा प्रथम मुंबई इलाख्यास लागू नव्हता. १ जानेवारी १८९३ पासून तो येथें अमलांत आला. त्याच्या १०६ व्या कलमानें ठरविलें कीं, शेतीसाठीं किंवा कारखान्यासाठीं घेतलेल्या जागेस सहा महिन्यांची व इतर जागेस पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, आणि ती मुदत अनुक्रमें भाड्याच्या वर्षाच्या व महिन्याच्या अखेरीबरोबरच संपावी. करार निराळा असेल तर गोष्ट निराळी. मालकास जी मुदत, तीच खोली सोडणाऱ्या भाडेकरूसहि. वरवर पाहतां हें सोपें दिसतें. परंतु एकाद्यानें पहिल्या तारखेपासून खोली घेतली असेल आणि मालकास ती जुलैअखेर रिकामी हवी असेल, तर नोटीस १६ जुलैपर्यंत हातीं पडली पाहिजे. ती १७ तारखेस पडली कीं पंधरा दिवस पुरे भरत नाहींत, नोटीस फुकट जाते आणि मालकाला ऑगस्टअखेरची नवी नोटीस काढावी लागते. दावा चालून वर्ष लोटल्यावर वकिलानें उठून एवढा एकच दिवस मोजून दाखवावा आणि सगळें मुसळ केरांत जावें, असे प्रसंग घडत. १९१८ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें बजावलें कीं, नोटिशी दोष काढण्यासाठीं वाचूं नयेत, त्यांचा अर्थ त्या तगतील असाच लावावा. तरी दिवसांची मोजणी ती मोजणीच राहिली.

नोटीस पोंचविण्याचीहि एक रीत होती. ती लेखी हवी, सहीची हवी, स्वतः भाडेकरूच्या अथवा घरांतील माणसाच्या वा नोकराच्या हातीं द्यावी, आणि तें जमलें नाहीं तर जागेच्या दर्शनी भागावर चिकटवावी. टपालानें पाठविण्याची सोय कायद्यांत १९२९ च्या दुरुस्तीनें स्पष्ट झाली. तेव्हांपासून पोस्टमन हा या वादांतला तिसरा पक्षकार बनला. रजिस्टर पत्रावर त्यानें 'घेण्यास नाकारलें' असा शेरा मारला, तर पत्र पोंचल्यासारखेंच धरण्याकडे कोर्टांचा कल राहिला आहे. दार लावून घेतल्यानें नोटीस टळते, हा भाबडा समज त्या शेऱ्यानें कितीदां तरी खोटा ठरविला असेल.

आतां एका लहानशा पण मोठ्या मौजेच्या गोष्टीकडे वळूं. 'महिना' म्हणजे कोणता? पगार इंग्रजी महिन्याचा. पण भाड्याचा महिना पंचांगाप्रमाणें धरण्याचाहि प्रघात होता. आपलें पंचांग चांद्रमासाचें असल्यामुळें एकोणीस वर्षांत सात वेळां अधिक मास येतो. त्या वर्षीं बारा पगारांतून तेरा भाडीं निघावयाचीं. धार्मिक मनुष्य अधिक मासांत दानधर्म करतो. पण मालकास दिलेल्या तेराव्या भाड्याचें पुण्य कोणाच्या खातीं पडत असेल तें चित्रगुप्तच जाणे. शिवाय नोटिशीची मुदत अमावास्येस संपवावी कीं ३१ तारखेस, असा दुसराहि वाद त्यांतून उभा राहूं शके. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याच्या २७ व्या कलमानें हा घोळ मिटविला. करार असो वा रूढि असो, भाडें इंग्रजी दिनमानाप्रमाणेंच वसूल करावें, असें त्यांत सांगितलें. योगायोग असा कीं, त्या १९४७ सालींच अधिक श्रावण होता. पुढें गाजलेल्या कलमांच्या गर्दींत हें कलम विसरलें गेलें, पण पगारदार कुटुंबाला त्यानें दिलेला दिलासा मला थोडा वाटत नाहीं.

हा १९४७ चा कायदा एकाएकीं उपजला नाहीं. पहिल्या महायुद्धांत ग्लासगो शहरांतील बायकांनीं पुढाकार घेऊन वाढीव भाडें देण्याचें नाकारलें, आणि १९१५ सालीं ब्रिटिश पार्लमेंटास भाडेवाढ रोखणारा कायदा करावा लागला. त्याच धर्तीवर मुंबई इलाख्यांत १९१८ सालीं युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा कायदा झाला व भाडें १ जानेवारी १९१६ च्या पातळीस बांधलें गेलें. १९२८ पर्यंत तो निर्बंध सरला. दुसरें युद्ध आलें तशी १९३९ व १९४४ सालीं पुनः तीच पाळी आली. नंतर फाळणी झाली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांतून सिंधमधून आलेले सुमारें एक लाख निर्वासित उतरले. १९४९ सालीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. ज्या टापूंत आधींच खोली मिळणें दुरापास्त, तेथें माणसांचा असा लोंढा आल्यावर पंधरा दिवसांच्या नोटिशीचा अर्थ काय राहतो तें सांगावयास नको. १३ फेब्रुवारी १९४८ पासून नवा कायदा अमलांत आला.

या कायद्यानें दिवसांचें गणितच बदललें. भाडेकरू भाडें देत आहे किंवा द्यावयास तयार आहे तोंवर, कायद्यांत सांगितलेलें दुसरें कारण असल्याखेरीज, त्याला बाहेर काढतां येईना. भाडें थकलें तरी आधीं लेखी मागणी, मग एक महिना वाट, आणि त्यानंतर दावा. थकबाकी सहा महिन्यांची झाली, भाडें दरमहाचें असलें, प्रमाणित भाड्याबद्दल वाद नसला आणि नोटिशीनंतर महिनाभरांत पैसे भरले नाहींत, अशा चारहि गोष्टी जुळल्या म्हणजेच भाडेकरूची बाजू खरोखर पडे. एरवीं पहिल्या तारखेस कोर्टांत रक्कम भरून व पुढें नियमितपणें भरीत राहून तो आपली जागा वांचवूं शके. मुंबईंत असले दावे लघुवाद न्यायालयांत, तर ठाणें-कल्याणकडचे दिवाणी न्यायाधीशापुढें चालत. पाणी वा दिवे तोडणें हा मालकाचा गुन्हा ठरला, पागडी घेणें हा गुन्हा ठरला, आणि भाड्याची पावती देणें हें त्याचें कर्तव्य ठरलें.

वकिलांच्या बुद्धीला येथें मोठें कुरण मिळालें. १९६२ च्या कायद्यानें शिक्षणकर आला. भाडेकरूनें तो सोसावयाचा, आणि तो वर्षाचा. मग ज्या भाड्यांत वर्षाकांठीं द्यावयाची रक्कम मिसळली आहे त्याला 'दरमहाचें भाडें' म्हणावें कसें? म्हणतां येत नाहीं, असा निर्णय कोर्टांनीं दिला, आणि त्या चार गोष्टींतील एक आपोआप गळून पडली! दुसरीकडे, मालकानें भाडें घेण्याचें मुद्दाम थांबवावें, सहा महिने लोटूं द्यावे आणि मग थकबाकीची नोटीस काढावी, हाहि डाव जुनाच आहे. त्यावर भाडेकरूंनीं काढलेला उतारा म्हणजे मनीऑर्डर. ती मालकानें नाकारली कीं परत आलेला कागद ट्रंकेत जपून ठेवावयाचा. कोर्टांत 'मी द्यावयास तयार होतों' याचा त्याहून बळकट पुरावा नाहीं.

मालकाच्या बाजूनेंहि बोललें पाहिजे. १ सप्टेंबर १९४० रोजीं जी खोली ज्या भाड्यानें दिलेली होती तेंच तिचें प्रमाणित भाडें ठरलें. नंतर प्रथम दिलेल्या खोलीस तिचें पहिलें भाडें. थोडीफार मान्य वाढ सोडली तर तो आंकडा जागचा हालेना. चुना, कौलें, गवंड्याची मजुरी सर्व चढत गेलें. डोंबिवलीच्या चाळमालकांत सगळेच कांहीं सावकार नव्हते. फंडाच्या पैशांतून चार खोल्या बांधून तीन भाड्यानें देणारा पेन्शनरहि त्यांत असे. त्याच्याकडून दुरुस्तीची अपेक्षा धरणें म्हणजे खिशांतून पैसे घालून परक्याचें छप्पर शाकारण्यास सांगणें. १९७३ सालीं आणखी एक पाऊल पडलें: त्या वर्षीं १ फेब्रुवारीस चालू परवान्यावर जे जागेंत राहत होते, त्यांना कायद्यानें भाडेकरूच मानलें. ज्यांना आसरा मिळाला त्यांचें भलें झालें यांत शंका नाहीं. पण रिकामी खोली देण्यापेक्षां कुलूप लावून ठेवलेली बरी, ही भीति मालकांच्या मनांत बसली ती पिढ्यान्‌पिढ्या गेली नाहीं. नव्या बिऱ्हाडकरूनें जुन्या बिऱ्हाडकरूच्या संरक्षणाची किंमत मोजली, असें माझें मत आहे.

इकडे जुन्या पंधरा दिवसांच्या नोटिशीची काय गत झाली? भाडेनियंत्रणाखालीं काढून टाकण्याचें कारण सिद्ध करावें लागतेंच, मग ही निराळी नोटीस कशाला, असा प्रश्न वर्षानुवर्षें लढविला गेला. अखेर १९७९ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानें, मद्रासकडील एका प्रकरणांत, तशा दाव्यांत ती आवश्यक नाहीं असा निकाल दिला. पुढें २००२ च्या दुरुस्तीनें, ती महिनाअखेरीसच संपली पाहिजे हा नियमहि गेला. १६ आणि १७ तारखेचा तो सनातन तंटा असा निकालांत निघाला.

खुद्द १९४७ चा कायदा मुदतीचा होता. ती मुदत वेळोवेळीं वाढवीत नेली जाई. १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, १९४० च्या पातळीस भाडें गोठवून ठेवणें आतां वाजवी राहिलेलें नाहीं; कायद्याची चालू मुदत लवकरच संपणार असल्यामुळें मात्र तीं कलमें त्यानें रद्द केलीं नाहींत. जणूं कायद्यालाच खोली खाली करण्याची नोटीस मिळाली, आणि भाडेकरूंप्रमाणेंच त्यानेंहि आणखी दोन वर्षें काढलीं! ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा त्याच्या जागीं आला. दरसाल चार टक्के वाढ मालकाला मिळाली, पागडीला मान्यता मिळाली. थकबाकीच्या दाव्यापूर्वीं मात्र भाडेकरूस नव्वद दिवस मिळूं लागले, आणि समन्स लागल्यावर पंधरा टक्के व्याजासह रक्कम भरावयास आणखी नव्वद.

पंधरा, तीस, नव्वद. आंकडा असा चढत गेला. पण तो मिळतो कोणास? आज डोंबिवलीस किंवा ठाण्यास नवी खोली घेणारा बहुधा भाडेकरू नसतोच. त्याचा करार 'लिव्ह अँड लायसेन्स'चा, म्हणजे केवळ राहण्याच्या परवान्याचा असतो. हा परवानाहि १८८२ च्याच एका कायद्यांतला, सुविधाधिकारांच्या. त्यांत परवाना रद्द झाल्यावर सामान हलविण्यास 'वाजवी वेळ' एवढेंच म्हटलें आहे, दिवस मोजलेले नाहींत. नोटिशीची मुदत कागदावर लिहिली असेल ती, बहुधा एक महिन्याची. परवान्याची मुदत संपून जो जागा सोडीत नाहीं त्याला १९९९ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाखालीं सक्षम अधिकाऱ्यामार्फत काढतां येतें, आणि तोंवर दुप्पट आकारणी सोसावी लागते. कायद्यानें भाडेकरूची मुदत वाढविली आणि मालकांनीं भाडेकरू ठेवण्याचें सोडून दिलें, असा हा प्रकार आहे.

अकरा महिन्यांच्या कागदाला नोंदणी लागत नाहीं, ही समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. वर्षावरील भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, एवढ्या जुन्या नियमावरून ती पसरली. परंतु ५५ व्या कलमाप्रमाणें महाराष्ट्रांत असा प्रत्येक करार लेखी व नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. कागद नोंदलेला नसेल तर अटींविषयीं राहणारा सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरावें, असेंहि तें कलम म्हणतें. एकट्यानें राहणाऱ्या नोकरदार मुलामुलींनीं हें वाक्य पाठ करावें.

भाड्याचा तंटा मात्र आतां निराळ्या जागीं सरकला आहे. भाडें महिन्याच्या महिन्यास जातें, मुदत कागदावर असते. वाद होतो तो जातांना, अनामत रकमेवरून. भिंतीला पडलेले खिळे, रंगाचा खर्च, विजेचें शेवटचें बिल, यांची वजाबाकी मालक करूं लागतो. अनामत किती घ्यावी याला १९९९ च्या कायद्यांत मर्यादा नाहीं. तेव्हां खोली घेतेवेळीं कागदावर भाड्याच्या आंकड्याखालीं आणखी एक ओळ लिहून घ्यावी: किल्ली परत दिल्यापासून किती दिवसांत पैसे परत मिळतील.