प्लायलर विरुद्ध डो
अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांचा सरकारी शाळेतील प्रवेशाचा हक्क मान्य करणारा तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा (१५ जून १९८२). टेक्सासच्या १९७५ च्या कायद्याने अशा मुलांच्या शिक्षणाचा निधी रोखला. टायलर शहराच्या शाळांनी १९७७ मध्ये प्रत्येकी वर्षाला १,००० डॉलर शुल्क मागितले. मजुरी करणाऱ्या आईबापांना ते झेपणारे नव्हते. मेक्सिकन-अमेरिकन समाजाच्या ‘माल्डेफ’ या संस्थेच्या वकिलांनी त्यांची बाजू मांडली. हद्दपारीची भीती असूनही ही कुटुंबे न्यायालयात उभी राहिली. ते धैर्य निवाड्याइतकेच मोलाचे. ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांना ‘डो’ हे नाव दिले होते. न्या. विल्यम ब्रेनन यांनी ५-४ बहुमताचा निकाल लिहिला. चौदाव्या घटनादुरुस्तीतील समान संरक्षण या मुलांनाही लागू ठरले. महाविद्यालयीन शिक्षण मात्र या निवाड्याच्या कक्षेबाहेर राहिले.