जपानी लिपीची ओळख : स्वतःच शिकणाऱ्यांसाठी

परकीय भाषा शिकायची म्हटली की मराठी माणसाला प्रथम पुणे आठवते. जपानीच्या बाबतीत हे अगदीच खरे आहे. पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि ‘जालटॅप’ ही जपानी शिक्षकांची संघटना यांच्यामुळे या भाषेचे तेथे एक घराणेच तयार झाले आहे. मुंबईतही वर्ग चालतात. पण जोगेश्वरीसारख्या उपनगरातून कामाच्या ठिकाणी जाऊन येण्यातच ज्याचे दिवसाचे दीड-दोन तास लोकलमध्ये जातात, त्याला संध्याकाळचा वर्ग गाठणे जमतेच असे नाही. मग पुस्तक, मोबाइल आणि स्वतःची चिकाटी एवढ्या भांडवलावर भाषा शिकणारा एक वर्ग तयार होतो. असे लोक ऐकून-ऐकून बोलण्यापुरते जपानी बऱ्यापैकी मिळवतात आणि वाचनापाशी येऊन थांबतात. ही अडचण नेमकी कशात आहे आणि मराठी वाचकाला ती इतरांपेक्षा थोडी सोपी का आहे, याचा विचार येथे केला आहे.

जपानी मजकुरात एकाच ओळीत तीन लिप्या नांदतात. हिरागाना आणि काताकाना या दोन ध्वनिलिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या. तिसरी कांजी, म्हणजे चीनमधून आलेली अर्थवाहक चिन्हे. हिरागाना ही कांजीच्या जलद, वळणदार लेखनातून घडली, तर काताकाना धर्मग्रंथांच्या समासात उच्चाराच्या खुणा करणाऱ्या भिक्षूंनी कांजीचे तुकडे वापरून घडवली. बाळबोध आणि मोडी यांच्या वळणांतला फरक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या दोन लिप्यांचे रूप चटकन ओळखीचे वाटेल. मात्र त्यांची कामे वेगळी आहेत. प्रत्यय, क्रियापदांची रूपे आणि देशी शब्द हिरागानात, तर परकीय शब्द काताकानात लिहिले जातात.

या दोन्ही लिप्यांचा क्रम पाहिला की मराठी वाचक थबकतो. स्वर येतात ते अ, इ, उ, ए, ओ या क्रमाने. पुढे व्यंजनांच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व अशा. ही आपलीच वर्णमाला आहे, आणि हा योगायोग नव्हे. बौद्ध मंत्रांच्या उच्चारासाठी जपानी भिक्षू संस्कृतचा व सिद्धम् लिपीचा अभ्यास करीत. नवव्या शतकाच्या आरंभी कूकाई हा भिक्षू चीनच्या राजधानीत प्रज्ञ नावाच्या भारतीय आचार्याकडे संस्कृत शिकून परतला, आणि ही विद्या तेथील मठांत रुजली. त्या परंपरेतूनच जपानी अक्षरांना कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य असा क्रम मिळाला. ‘च’ वर्गाच्या जागी ‘स’ दिसतो, कारण प्राचीन काळी त्या ओळीचा उच्चार ‘च’च्या जवळचा होता, असे भाषाभ्यासकांचे मत आहे. आणि ‘म’च्या आधी, ‘प’च्या हक्काच्या जागी ‘ह’ का? कारण आजचा ‘ह’ हा पूर्वी ‘प’च होता. म्हणूनच ‘ह’च्या अक्षरावर दोन लहान रेघा दिल्या की ‘ब’ होतो आणि लहानसे वर्तुळ दिले की ‘प’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नियम घोकावा लागतो. ज्याने शाळेत ‘प फ ब भ म’ म्हटले आहे, त्याला तो एकदा सांगितला की पुरतो.

आणखी एक गंमत म्हणजे, जपानी दफनभूमीत उभ्या केलेल्या लाकडी पाट्यांवर आणि दगडी स्तूपांवर आजही ख, ह, र, व, अ ही पंचमहाभूतांची बीजाक्षरे सिद्धम् लिपीत दिसतात. देवनागरीशी नाते सांगणारी ती वळणे तेथे येणाऱ्या बहुतेकांना वाचता येत नाहीत.

उच्चारासाठी सुरुवातीला रोमन लिपीचा आधार घेण्याची पद्धत सर्रास आहे. ती शक्यतो टाळावी. ‘त्सुनामी’ या शब्दाचे पहिले अक्षर इंग्रजीच्या अंगाने उच्चारताना जीभ अडखळते. वास्तविक ते ‘चुना’ किंवा ‘चमचा’ या शब्दांतील ‘च’च्या अगदी जवळचे आहे. ‘चहा’तला तालव्य ‘च’ही जपानीत आहे आणि तो ‘चि’मध्ये येतो. ‘मिझु’ म्हणजे पाणी. त्यातला ‘झ’ ‘झाड’मधला. दोन प्रकारचे च आणि झ बोलणाऱ्या मराठी माणसाने हे उच्चार रोमनमधून शिकणे म्हणजे घरची विहीर सोडून टँकरची वाट पाहणे आहे. आठवडाभर देवनागरीचा आधार घ्यावा आणि मग तोही सोडावा. दोन्ही ध्वनिलिप्या रोज तासभर गिरवल्या तर तीन-चार आठवड्यांत हाताखाली येतात. काताकानातील ‘शि’ व ‘त्सु’, ‘सो’ व ‘न्’ या जोड्या बराच काळ फसवतात. आपल्याकडे ‘घ’ आणि ‘ध’ फसवतात तशाच. रेघ वरून खाली की खालून वर, हे हाताने लिहिल्याशिवाय डोळ्यांना कळत नाही. सरावासाठी आपल्याच स्थानकांची नावे काताकानात लिहून पाहावीत. ‘जोगेश्वरी’ लिहायला बसले की जोडाक्षराचे काय करायचे हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि जपानीत जोडाक्षरे जवळजवळ नाहीतच, ही गोष्ट नियम न वाचता कळते.

खरा घाट कांजीचा. जपान सरकारने २०१० मध्ये सुधारलेल्या नित्यवापराच्या यादीत २१३६ चिन्हे आहेत. १९८१ च्या यादीत ती १९४५ होती. त्यांपैकी १०२६ चिन्हे तेथील मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात, पहिलीत फक्त ८०. रोज पाच शिकली तर साधारण चौदा महिन्यांत यादी संपेल, हे गणित अनेक जण मांडतात आणि तिसऱ्या महिन्यात सोडून देतात. कारण त्यात विसरण्याचा हिशेब धरलेला नसतो.

त्यातही गोंधळात टाकते ती एकाच चिन्हाची अनेक वाचने. पाण्याचे चिन्ह एकटे आले तर ‘मिझु’, जोडशब्दात आले तर बहुधा ‘सुइ’. हे विचित्र वाटते. पण आपण काय करतो? तहान लागली की ‘पाणी’ मागतो, पोहण्याच्या स्पर्धेला मात्र ‘जलतरण’ म्हणतो. ‘पाणी’ आणि ‘जल’ या दोन शब्दांसाठी आपण एकच चिन्ह वापरले असते, तर आपली लिपीही अशीच झाली असती. जपानीत पोहण्याला ‘सुइएइ’ म्हणतात आणि त्यातील दोन चिन्हे अनुक्रमे ‘जल’ आणि ‘तरण’ अशीच आहेत. देशी शब्द आणि संस्कृत शब्द यांचे जे नाते मराठीत, तेच देशी शब्द आणि चिनी शब्द यांचे जपानीत. हे लक्षात आले की चिन्हाची सगळी वाचने एका दमात पाठ करण्याचा खटाटोप थांबतो. चिन्ह एकटे न शिकता शब्दातच शिकावे.

चिन्हांचे घटक ओळखणे हा दुसरा उपाय. झाडाचे चिन्ह दोनदा काढले की राई, तीनदा काढले की अरण्य. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. सूर्य आणि चंद्र शेजारी म्हणजे प्रकाश. काही पुस्तके अशा कथा भरमसाट रचतात आणि त्यांतल्या बऱ्याच मनगढंत असतात. ‘पूर्व’ हे चिन्ह झाडामागून उगवणारा सूर्य आहे, ही त्यांपैकीच एक. इतिहास म्हणून ती खोटी असली तरी आठवणीची खुंटी म्हणून वापरायला हरकत नाही. जोगेश्वरीच्या रहिवाशाला तर हे चिन्ह लवकरच कामाला येईल, कारण जपानी स्थानकांतूनही बाहेर पडण्याचे मार्ग ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ असेच वाटलेले असतात. एकटे वाचताना ते ‘हिगाशि’ आणि तोक्योच्या नावात ‘तो’, म्हणजे पूर्वेची राजधानी.

मुंबईतल्या मुंबईत कांजीचा एक उत्तम पाठ वरळीला मिळतो. निचिदात्सु फुजी यांच्या निप्पोनझान म्योहोजी संघाच्या बौद्ध मंदिरात ‘नामु म्योहो रेंगे क्यो’ हा मंत्र सात कांजी चिन्हांत लिहिलेला असतो. त्यातील पहिली दोन चिन्हे केवळ उच्चारासाठी योजलेली आहेत, कारण ‘नामु’ म्हणजे आपले ‘नमः’. उरलेली पाच मात्र अर्थाने वाचायची : अद्भुत, धर्म, कमळ, फूल, सूत्र. म्हणजेच सद्धर्मपुंडरीक सूत्र. ध्वनीसाठी कांजी आणि अर्थासाठी कांजी, हे दोन्ही प्रकार एका ओळीत.

सुटी चिन्हे कळू लागली तरी वाक्य वाचता येईलच असे नाही. जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. हे ऐकून घाबरणाऱ्यांनी मोडीचा जुना कागद आठवावा; तेथेही आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जात आणि शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ताडायचे असे. जपानीत निदान कांजीची खूण असते. साधारणतः कांजी दिसली की नवा शब्द सुरू झाला आणि हिरागानाची शेपटी संपली की तो संपला. म्हणूनच केवळ हिरागानात लिहिलेली बालवाङ्मयाची पुस्तके दिसायला सोपी असली तरी प्रौढ विद्यार्थ्याला कठीण जातात. ज्यात कांजी आहे आणि तिच्या शेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापला आहे, म्हणजेच ‘फुरिगाना’ आहे, अशी पुस्तके निवडावीत.

वाक्यरचनेत मात्र मराठी वाचकाला जवळजवळ काही नवे शिकावे लागत नाही. ‘वाताशि वा मिझु ओ नोमिमास’ : मी, पाणी, पितो. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दामागे. ‘किनो कात्ता होन्’ म्हणजे काल घेतलेले पुस्तक. ‘जे’ आणि ‘ते’ यांची गरज नाही. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन पाहणे, ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे. यातील ‘मिरु’ आणि ‘ओकु’ यांचे सुटे अर्थही पाहणे आणि ठेवणे असेच आहेत. पाठ्यपुस्तकातील इंग्रजी स्पष्टीकरण बाजूला ठेवून वाक्य थेट मराठीत बसवावे. विनोबा भावे यांनी आपल्या बहुभाषाध्ययनात जपानीचाही अभ्यास केला होता. नागरीचा प्रसार ‘नागरीच’ असा नव्हे, तर ‘नागरीही’ असा व्हावा, हा त्यांचा आग्रह होता. जपानने नागरी स्वीकारली नाही, पण मराठी विद्यार्थ्याच्या वहीत ती पहिल्या महिन्यात उपयोगी पडते.

वाचनाला पहिले मोठे पुस्तक कोणते घ्यावे? तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ (१९८१) मराठी घरांत परिचित आहे आणि ते फुरिगाना असलेल्या बालआवृत्तीतही मिळते. मराठी अनुवाद शेजारी ठेवून परिच्छेद-परिच्छेदाने वाचावे. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा आधीच ठाऊक असल्याने शब्द अडला तरी कथा अडत नाही. शिवाय अनुवादात न आलेल्या गोष्टी सापडतात. मूळ शीर्षकात ‘मादोगिवा’, म्हणजे खिडकीजवळची, असा शब्द आहे. जपानी कार्यालयांत काम न देता खिडकीशेजारी बसवून ठेवलेल्या कर्मचाऱ्यांसाठी तो त्या काळी वापरला जात असे.

साधने आता विपुल आहेत. कांजीचा कोश पूर्वी रेघा मोजून आणि २१४ मूलघटकांच्या तक्त्यावरून पाहावा लागे. आज पडद्यावर बोटाने चिन्ह काढले की ते सापडते. जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या कोशप्रकल्पावर कित्येक मोफत कोश उभे आहेत. ‘आंकी’ हा उजळणीचा प्रोग्रॅम विसरण्याच्या बेताला शब्द पुन्हा समोर आणतो. लोकलच्या गर्दीत एका हाताने चालणारा अभ्यास हाच. मोबाइलचा कॅमेरा रोखून भाषांतर मिळवण्याची सोय मात्र वाचन शिकणाऱ्याने शेवटी वापरावी, आधी नव्हे.

मापनासाठी ‘जेएलपीटी’ ही परीक्षा आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या या परीक्षेत २०१० पासून एन-५ ते एन-१ असे पाच स्तर आहेत आणि मुंबई व पुणे येथे तिची केंद्रे आहेत. एकूण गुण १८०. एन-५ साठी ८० लागतात, एन-१ साठी १००. शिवाय प्रत्येक विभागाची किमान गुणांची अट वेगळी. परीक्षा पूर्णपणे पर्यायी उत्तरांची आहे. तीत लिहावे लागत नाही की बोलावे लागत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र हाती असूनही घरमालकाची चिठ्ठी न वाचता येणारे उमेदवार असू शकतात.

हा प्रश्न आता केवळ हौशीचा राहिलेला नाही. कुशल कामगारांना जपानमध्ये पाठविण्याबाबत भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये सहकार्य करार झाला. तेथे जाणाऱ्याला वाचन किती उपयोगी पडते याचे दोन टोकांचे दाखले देता येतील. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा एनएचके वाहिनीने पडद्यावर ‘त्सुनामि! निगेते!’ अशी सूचना हिरागानात झळकवली. निगेते म्हणजे पळा. सुरक्षित स्थळी जाण्याला ‘हिनान’ असा भारदस्त, कठीण कांजीचा शब्द आहे. लहान मुलांना आणि परदेशी नागरिकांना तो वाचता येत नाही. सोप्या जपानीची चळवळ १९९५ च्या कोबे परिसरातील भूकंपानंतर उभी राहिली ती याच अनुभवातून. म्हणजे पहिल्या महिन्यात शिकलेल्या सहा-सात अक्षरांवर जीव वाचू शकतो.

दुसरे टोक नोकरीच्या कागदाचे. जपानी कायद्यानुसार मालकाने कामगाराला कामाच्या अटी लेखी द्याव्या लागतात. त्या पत्रकात ‘चिंगिन्’ म्हणजे वेतन, ‘क्युजित्सु’ म्हणजे सुट्टी, ‘झांग्यो’ म्हणजे ठरल्या वेळेनंतरचे काम आणि ‘काइको’ म्हणजे कामावरून काढणे, असे शब्द असतात. झांग्योची चिन्हे ‘उरणे’ आणि ‘काम’ अशी आहेत, काइकोची ‘सोडवणे’ आणि ‘नोकरीस ठेवणे’ अशी. एन-५ च्या पुस्तकात हे शब्द नसतात. सही करण्यापूर्वी पत्रकाची प्रत मागून घ्यावी, हे चार शब्द त्यात कोठे आले आहेत ते शोधावे, आणि त्यांच्यापुढचे आकडे स्वतः वाचावेत.