पात्यातला धागा सरळ का हवा?

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी आणि वनकुसवड्याची पठारे, सांगलीतील ढालगावचा माळ ही ठिकाणे आता पवनचक्क्यांसाठी ओळखली जातात. सहलीला आलेली मुले मनोऱ्याची उंची विचारतात, वीज किती तयार होते ते विचारतात. पाते कशाचे असते, हा प्रश्न मात्र क्वचितच येतो. पत्र्याचे असेल, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ते मुख्यतः कापडाचे असते. काचेच्या धाग्यांच्या कापडाचे थर एकावर एक अंथरायचे आणि रेझीनने ते घट्ट बांधायचे. या थरांचा नेमकेपणा इतका महत्त्वाचा का, हे कळायला बराच काळ जावा लागला.

सुरुवात पोलादापासून झाली. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, ग्रँडपाज नॉब या टेकडीवर १९४१ मध्ये सव्वा मेगावॅटची पवनचक्की सुरू झाली. पामर पटनम हे तिचे जनक. तिला पोलादाची दोन पाती होती, प्रत्येकी सुमारे ८ टनांची. २६ मार्च १९४५ रोजी त्यांतले एक मुळाशी तुटून पडले.

असे का व्हावे? पाते वर जाताना स्वतःच्या वजनाने एका बाजूला वाकते, खाली येताना दुसऱ्या बाजूला. मिनिटाला ३० फेऱ्या आणि वर्षाला ५,००० तास धरले, तर वर्षात ९० लाख वेळा आणि २० वर्षांत १८ कोटी वेळा ही ओढाताण होते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती तुटते, हे मुलांना ठाऊक असते. शिवाय पाते जितके जड, तितकी ही ओढाताण मोठी. म्हणजे हलके, तरीही न थकणारे द्रव्य हवे होते.

ते जर्मनीतील उलरिख ह्युटर यांनी वापरून दाखवले. १९५७ मध्ये त्यांनी ३४ मीटर व्यासाची, १०० किलोवॅटची पवनचक्की उभारली. तिची पाती काचतंतूंची होती. मुळाशी धागे कापून न टाकता त्यांनी ते बोल्टांभोवती फासासारखे वळवून परत पात्यात नेले. ताण कोणत्या दिशेने येतो हे पाहायचे आणि धागा त्याच दिशेने न्यायचा, हा विचार त्यामागे होता.

पुढचा टप्पा शिक्षकांना विशेष आवडेल. डेन्मार्कमधील ट्विंड येथील शाळेत शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवकांनी १९७५ ते १९७८ या काळात ५४ मीटर व्यासाची पवनचक्की बांधली. पात्यांचे काचतंतूंचे थर त्यांनी स्वतः अंथरले. ही पाती १९९३ मध्ये बदलली गेली; पवनचक्की मात्र पुढेही फिरत राहिली.

आता वर्गात करण्याजोगा एक प्रयोग. सुती रुमाल उभ्या धाग्याच्या दिशेने ओढून पाहा. तो फारसा ताणला जात नाही. तोच रुमाल कोपऱ्याकोपऱ्याने, तिरका ओढा. सहज लांबतो. कापड तेच, धागे तेच. बदलली ती फक्त दिशा.

पात्यातही हेच घडते. एकाच दिशेने धागे असलेल्या काचतंतू-रेझीनच्या पट्टीचे नेहमीचे गुणधर्म घेऊन आम्ही गणित केले. ओढीची दिशा धाग्यापासून ५ अंशांनी ढळली, तर पट्टीचा ताठपणा सुमारे ५ टक्क्यांनी घटतो. १० अंशांनी ढळली, तर सुमारे १८ टक्क्यांनी. म्हणजे चूक दुप्पट होते, तेव्हा नुकसान तिप्पट-चौपट होते. म्हणूनच पात्याच्या कण्यात धागे लांबीच्या दिशेने ठेवतात, तर पीळ सोसणाऱ्या कवचात ४५ अंशांनी तिरके.

कापडाची कड तिरपी गेली, तर ते ओळखता येते. १६ मीटर लांबीत १ अंश चुकला, तर टोक २८ सेंटिमीटर सरकते. खरा शत्रू असतो तो सुरकुती. १० सेंटिमीटर लांबीची एक लाट मध्यरेषेपासून फक्त २ मिलिमीटर वर आणि २ मिलिमीटर खाली गेली, तरी तिच्या उतारावर धागा सुमारे ७ अंशांनी कलतो. खराट्याची सरळ काडी टोकांवर दाबली तर बराच दाब सोसते, आधीच वाकलेली काडी लगेच आणखी वाकते. पाते वाकले की त्याची एक बाजू दाबली जाते आणि तिथली सुरकुती अशीच घात करते. वरून दहा थर पडले की ती दिसतही नाही.

भारतात किनाऱ्यालगतची पहिली पवनक्षेत्रे १९८६ मध्ये उभी राहिली. महाराष्ट्रात त्यासाठी रत्नागिरीची निवड झाली होती. यंत्रे ५५ किलोवॅटची होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सह्याद्रीच्या पठारांकडे लक्ष वळले. कोयना जलाशयाजवळ, सुमारे १,१५० मीटर उंचीवरील वनकुसवडे येथे ३५० किलोवॅटच्या यंत्रांची रांगच उभी राहिली. पावसाळ्यातला जोरदार वारा हे या पठारांचे भांडवल, आणि पात्यांची परीक्षाही त्याच महिन्यांत.

दरम्यान पाती बनवण्याची रीतही बदलत गेली. पूर्वी कामगार साच्यात कापड पसरून ब्रश आणि रोलरने रेझीन मुरवत. ओले कापड सरके, हवेचे बुडबुडे अडकत. पुढे अनेक कारखान्यांत कोरडे थर आधी रचून, वर प्लास्टिकचा पडदा लावून, आतली हवा उपसून रेझीन ओढून घेण्याची पद्धत आली. त्यामुळे बुडबुडे कमी झाले. पण आतून हवा काढली की थर दाबले जातात, आणि कुठे ढिलेपणा राहिला असेल तर तिथे सुरकुती पडते. रेझीन भरण्याआधीची रचना म्हणूनच निर्णायक ठरली.

साच्यावरच्या खुणा आणि मोजपट्टी यांच्या जोडीला मग लेझर आला. छताजवळचा प्रक्षेपक पुढच्या थराची कड प्रकाशरेषेने साच्यावर आखतो आणि कामगार कापड त्या रेषेला जुळवतो. साचा तापमानाने किंचित हलला, तर त्यावरील परावर्तक खुणा पाहून रेषा पुन्हा जुळवून घेता येते. मात्र ही रेषा थराची कड दाखवते. मधली सुरकुती दाखवत नाही. त्यासाठी तळहात फिरवून पाहणारा अनुभवी कामगार लागतो, आणि पाते तयार झाल्यावर श्राव्यातीत ध्वनीची तपासणी.

पुढच्या सहलीत पात्याकडे बोट दाखवून मुलांना विचारून पाहा: यातले धागे कोणत्या दिशेने असतील, आणि का? रुमालाचा प्रयोग केलेली मुले उत्तर स्वतःच शोधतील.