अँटेना, रणगाड्यांच्या प्रतिकृतींवरील

रणगाडे व चिलखती गाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींवर बसवायची बिनतारी संचाची काडी. लांबीचा हिशेब सोपा आहे. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाड्यांवर ‘फू-५’ संचाची २ मी. काडी असे, ती १:३५ प्रमाणात ५७ मिमी., १:७२ मध्ये २८ मिमी. भरते. फसगत होते ती जाडीत. साच्यातून आलेली काडी ०.८ मिमी. जाड असली, तर १:३५ च्या हिशेबाने रणगाड्यावर २८ मिमी.चा, म्हणजे इंचभराहून जाड नळ उभा राहतो. खरी काडी शेंड्याकडे निमुळती होत जाते.

हा निमुळतेपणा फुकटात मिळतो तो स्प्रू ताणून. सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लागून येतात, तिचा वीतभर तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, पण ज्योतीबाहेर धरून सतत फिरवायचा. आत शिरला की पॉलिस्टायरीन पेटते आणि खोलीभर काजळी होते. मधला भाग चकाकून लोंबू लागला की तुकडा बाजूला घ्यायचा, मगच हात लांब न्यायचे. सावकाश ओढला तर धागा जाड राहतो, झटक्यात ओढला तर केसासारखा. गार होईपर्यंत ताण सोडायचा नाही, नाहीतर तो वाकतो. कामाचा भाग मधला नव्हे, तर न ताणलेल्या टोकाजवळचा. उतार तिथेच असतो. पहिले चार-पाच वाया जातातच.

गिटारची ०.२३ मिमी.ची तार धूळ झाडताना मोडत नाही. पण ती बुडापासून शेंड्यापर्यंत एकाच जाडीची असते आणि बेसावध डोळ्याला धोक्याची. लेथवर कातलेल्या पितळी काड्या सर्वांत देखण्या, मात्र धक्का लागला की वाकतात. धातू चिकटवायला सायनोअॅक्रिलेट लागते. स्प्रूला प्लॅस्टिकचे नेहमीचे सिमेंट पुरते.

काडीइतकाच तिचा बुडखा महत्त्वाचा. तो टरेटवर नेमका कुठे बसतो, हे अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन किंवा विजयंताभोवती एक फेरी मारली की फोटोपेक्षा लवकर कळते.

काडी नेहमी ताठच हवी असेही नाही. पँझर ३ वर ती बाजूच्या लाकडी पन्हळीत निजवता येई. आखूड तोफेच्या पँझर ४ ला तर तोफेखाली खास दांड्यांची चौकट असे. टरेट फिरताना ती काडीला अलगद खाली दाबी. धागा धड न जमलेल्याने पँझर ३ निवडावा, पन्हळीत काडी झोपवावी. इतिहासाला धरूनच होते.